खालच्या रजईची पडताळणी

आमच्या घरात जी कामं सुरळीत पार पडली ती आज कुणालाही आठवत नाहीत. जी बिघडली त्यांची मात्र तारीखवार नोंद माझ्याकडे आहे. मी भांडार-तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या कार्यालयात जायचं, त्यांच्या खुर्च्या, पंखे, कपाटं मोजायची, नोंदवहीशी ताडून बघायची आणि एखादी खुर्ची कमी निघाली की चेहरा पाडून बसायचं, एवढंच माझं काम. सत्तावीस वर्षांत मी डोळ्यांनी न पाहिलेल्या वस्तूपुढे एकदाही बरोबरची खूण केलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी अब्रू नेमकी इथेच जाणार आहे.

काम छोटंसं होतं. बाबांना डोंगरावर एक रात्र झोपवायचं.

बाबा मोजणी खात्यात होते. जमीन मोजायच्या साखळीचं एक टोक हातात धरून त्यांनी जन्मभर डोंगर मोजले आणि दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधून तिच्यात झोपले. आता वय एक्याऐंशी. गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला, दोन आठवडे नाकात नळी होती. घरी आल्यापासून ते फारसं बोलत नसत. एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "त्या दोन सुळक्यांच्या डोंगरावर आम्ही एक दगडी खूण बांधली होती. सकाळचं पहिलं ऊन तिच्यावर पडतं. ती आहे का गेली, एकदा बघायचंय. खालच्या माळावर झोळी बांधायची, डोळे उघडले की समोर. बस्स."

मागण्यांच्या रकान्यात बाबांच्या नावापुढे आजवर एकही नोंद नव्हती. 

मग ताई बोलली. माझी ही थोरली बहीण आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. निवृत्त झाली, पण हे तिला अजून कुणी कळवलेलं नसावं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू, बाबा."

"पुढच्या वर्षी खूण असेल गं," बाबा म्हणाले. "माझं सांगता येत नाही."

ताईनं कपबश्या उचलल्या, स्वयंपाकघरात जाऊन गरज नसताना धुतल्या आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन अटी सांगितल्या. मी आधी गच्चीवर तीन पहाटा त्या झोळीत काढायच्या आणि पाठ गरम राहते का ते लिहून दाखवायचं. बाबांनी गच्चीवर पाऊल टाकायचं नाही, वर वारा असतो. डोंगरावर ती स्वतः येणार. तिथे उजेड असतानाच बाबांना झोळीत घालायचं आणि पाऊण तासानं ती त्यांच्या पाठीला हात लावून बघणार. "गार लागली तर तिथूनच गाडी मागे. कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

"मंजूर," बाबा म्हणाले. साखळीचं टोक धरणारा माणूस जसा ओरडून सांगतो, तसे म्हणाले.

आता झोळीची मेख सांगतो. हल्लीची झोळी पातळ, हलकी, मुठीत मावणारी असते. तिच्यात आपण अंगाखाली कितीही जाड गोधडी घेतली तरी आपल्याच वजनानं ती चेपते, आणि चेपलेल्या गोधडीत ऊब राहत नाही. खालून वारा लागतो आणि पाठ गारठून जाते. म्हणून दुकानदारानं मला झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची एक रजई दिली. तिला दोन्ही टोकांना लवचीक दोऱ्या आणि दोऱ्यांवर खटके. खटका दाबला की दोरी सरकते आणि रजई वर-खाली होते. "फक्त ॲडजस्ट करून घ्या, साहेब," दुकानदार म्हणाला. 'फक्त' हा शब्द ऐकला की कुठल्याही तपासनिसानं सावध व्हायला हवं. मी झालो नाही.

आणि बाबांच्या जागी मी का, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. आमच्या घरात एक गोष्ट पहिल्यापासून सिद्ध आहे: बाबा आणि मी एकाच मापाचे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी त्यांचा डोंगरावरचा लोकरीचा कोट मला दिला. मी तो तिथेच घालून बघितला आणि आई टाळी वाजवून म्हणाली होती, "अगदी बेतून शिवल्यासारखा!" तो कोट मी अजून वापरतो. आमच्या खात्यात मूळ वस्तू हाताशी नसली तर समतुल्य नग तपासून चालतं, तसा नियमच आहे. मी बाबांचा समतुल्य नग होतो.

झोळी बांधायची तर गच्चीवर पाण्याच्या टाकीचे दोन खांब होते, पण गच्ची इमारतीच्या समितीची, आणि समिती म्हणजे सचिव. सचिव एकटेच, पण 'आम्ही' म्हणून बोलतात. त्यांनी नियमावली काढली.

"गच्चीवर दोरी बांधायला मनाई आहे. कपडे वाळत घालायची दोरी सोडून."

"मग कपडे वाळत घालायची समजा."

"सूर्यास्तानंतर काढावी लागेल."

"मला पहाटेच हवी आहे."

"पहाटे कपडे वाळत नाहीत," सचिव म्हणाले.  त्यांनी चष्मा पुसला. "रजई आहे म्हणालात ना? कलम नऊ बघा. अंथरूण-पांघरूण हवा देण्यासाठी गच्चीत टांगता येतं. वेळेचं बंधन नाही."

"पण त्यात मी झोपणार."

"ते तुम्ही अर्जात लिहू नका."

शेवटी 'रजई एक नग, हवा देण्याकरिता, तीन दिवस' अशी परवानगी मिळाली. मी गच्चीवर 'रजईचा राखणदार' म्हणून हजर राहणार होतो. अर्जावर राखणदाराचं नाव, पत्ता आणि सही घेण्यात आली. एका कार्यालयातल्या दोनशे पंख्यांवर एका दुपारी सही करणाऱ्या माणसाची ही पदावनती होती, पण बाबांसाठी मी ती गिळली.

पहिल्या पहाटेची नोंद: 'डोकं बरं. खांदे बरे. कंबर गार. कंबरेखाली बर्फ. शेरा: रजई सैल. अंग आणि रजई यांच्यात पोकळी असून तीतून वारा ये-जा करतो.'

पाठ चोळत मी जिन्यातून उतरत होतो तर तिसऱ्या मजल्यावर पूलवाले उभे. हे निवृत्त अभियंते. जन्मभर पूल बांधले. अजूनही त्यांना कुठलीही दोरी दिसली की तिच्यावरून गाडी नेता येईल का, हे ते मनात ताडून बघतात.

"झोळ आला असणार," ते म्हणाले.

"रजई सैल राहिली."

"तेच ते. झोळ आपला शत्रू आहे. ताण द्या! मी येतो."

ते आले. लवचीक दोऱ्या बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. "याला दोरी म्हणतात? हिला काही चारित्र्य आहे का?" त्यांनी खटके बाजूला ठेवले आणि आपल्याकडची न ताणणारी पक्की दोरी लावून अशा गाठी मारल्या की रजईवर बोट वाजवलं तर टणत्कार व्हावा. मी झोळीत उतरलो तेव्हा फळीवर निजल्यासारखं वाटलं. "आता बघा," ते म्हणाले, "इंचभर हलणार नाही."

हलली नाही. दुसऱ्या पहाटेची नोंद मी हातमोजा न काढता केली आहे, अक्षर ओळखू येत नाही. पण अर्थ असा की सगळी पाठ गार. रजई इतकी घट्ट बसली होती की तिच्यातली पिसं चेपून कागद झाली. म्हणजे झोळीत गोधडी अंथरल्यासारखंच. फक्त गोधडी बाहेरून चेपली. आदल्या पहाटे निदान खांदे तरी बरे होते.

त्या दिवशी मी कचेरीत अकरा वेळा शिंकलो. ताईनं जिन्यात मला थांबवून जीभ बाहेर काढायला लावली. "दोन पहाटा गेल्या," ती म्हणाली. "एक राहिली. तिसरी चांगली नाही निघाली तर मी बाबांना सांगणार, जायचं नाही. तू सांगणार नाहीस, मला माहितेय. सगळं वाईट मलाच सांगावं लागतं." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

वर घरात बाबा खिडकीशी बसून होते. "मला एकदा झोपून बघू दे की रे त्यात. पाच मिनिटं."

"नको, बाबा. वर वारा आहे."

"अहो, झोपवून बघा ना पाच मिनिटं," माझी बायको म्हणाली. "कानटोपी घालू, शाल देऊ. शेवटी झोपायचं त्यांनाच आहे."

मी तिला अटी वाचून दाखवल्या. तिचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं आणि पुढे 'कार्यवाही आवश्यक नाही' असं लिहिलं. ती वही माझ्या बायकोनं आता स्वतःच्या कपाटात ठेवलेली आहे.

तळमजल्यावर शिंपीकाका. त्यांच्या दुकानात मी रजई घेऊन गेलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. शिंपीकाकांनी रजई उलटसुलट केली, मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मागून बघितलं.

"रजई सपाट आहे," ते म्हणाले. "तुम्ही नाही."

गिऱ्हाइकं वर्तमानपत्रातून बाहेर आली.

"सपाट कापड आणि गोल माणूस, मध्ये हवा राहणारच. पँट का बसते? चुण्या असतात म्हणून. हिला चार चुण्या घालतो, दोन कंबरेला, दोन खाली. वळा."

मी वळलो. त्यांनी टेप लावला, आकडा मोठ्यानं वाचला, मग स्वतःलाच पटला नाही म्हणून पुन्हा लावला आणि पुन्हा मोठ्यानं वाचला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बसून बसून होतं." दुसरं म्हणालं, "कुठल्या खात्यात आहात?" माझ्या हुद्द्याच्या माणसानं अशा वेळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचं असतं. मी तो महिना पाठ केला.

संध्याकाळी पूलवाल्यांच्या गाठी पक्कड लावून सोडवल्या, लवचीक दोऱ्या परत ओवल्या आणि खटके सरकवत सरकवत एक जागा सापडली जिथे रजई माझ्या अंगाला नुसती लागून राहत होती. चुण्यांमुळे ती माझ्या आकाराची खोलगट झाली होती. रिकामी टांगली तरी त्यात मी आहे असं वाटायचं. तिथे मी खटक्यांवर लाल शाईनं खुणा केल्या आणि दोरा बांधून ते पक्के केले.

तिसरी पहाट: 'डोकं, खांदे, कंबर, कंबरेखाली: गरम. शेरा: समाधानकारक. साडेसहापर्यंत जाग आली नाही.' सचिवांनी येऊन उठवलं, कारण राखणदार झोपलेला आढळला.

ताईनं नोंदवही पहिल्या पानापासून वाचली, माझी पाठ चाचपली आणि दोन शब्द बोलली: "शनिवारी निघू."

माळावर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य सुळक्यांवरून हातभर वर होता. गाडी झाडांपर्यंत जात होती, एवढी सोय. बाबा उतरले आणि कुणाचा हात न घेता दहा पावलं चालून उभे राहिले. पण डोंगर उन्हाच्या आड गेला होता, नुसता काळा. खूण दिसत नव्हती. "सकाळी," ते म्हणाले. "आत्ता दिसणारच नाही. सकाळी."

मी त्यांच्या अंगावर कोट चढवला. त्यांचाच कोट. घाईत मी नीट बघितलं नाही. बाह्यांमधून त्यांची फक्त बोटं बाहेर आली एवढं दिसलं आणि मला वाटलं, कोट खांद्यावरून सरकला असेल.

झोळी बांधली. रजई लावली, खटके लाल खुणांवर. बाबा सवयीनं आधी बसले, मग तिरपे आडवे झाले, जणू हे त्यांनी कालच केलं होतं. ताईनं घड्याळ बघितलं.

वाऱ्यानं झाडं हलत होती. पाचेक मिनिटं झाली असतील.

"काय रे," आतून बाबांचा आवाज आला. "खालून गार लागतंय."

मी वाकलो. सत्तावीस वर्षांत मी बऱ्याच रिकाम्या कपाटांत वाकून बघितलेलं आहे. झोळी वर होती, माझ्या वेळी ती जिथे यायची त्याच्या कितीतरी वर. बाबांच्या भारानं ती जेमतेम वाकली होती. आणि खाली, वीतभर अंतर सोडून, माझ्या आकाराची खोलगट रजई रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. मधून वारा बिनदिक्कत चालला होता.

मला आधी चुण्या दिसल्या. मग कोटाच्या बाह्या. मग मला ते कळलं. आम्ही एका मापाचे होतो, हे खरं होतं. एकवीस वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून कोट माझ्या अंगावर होता आणि मला फक्त माझं वाढलेलं माप दिसत होतं. त्यांचं कधी कमी झालं, ते कुठल्याच वहीत नव्हतं. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून मी दोन वेळा त्यांच्यासमोर जेवत होतो आणि मूळ नग एकदाही तपासला नव्हता.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"काही नाही. थोडं ॲडजस्ट..."

ती वाकली. तिनंही बघितलं. तिचा हात आपोआप पर्सकडे गेला, किल्लीकडे. "बाबा," ती म्हणाली, "आपण..."

"किती झाली?" बाबांनी विचारलं.

"आठ मिनिटं."

"मग सदतीस आहेत," बाबा म्हणाले. "ठरलंय तेवढी वापरू दे त्याला."

मी त्या माळावर उताणा झोपलो आणि सरपटत त्यांच्याखाली गेलो. माझ्या डोक्याला खडे लागत होते, पाठीला त्याहून. बांधलेला दोरा तोडला, लाल खुणा सोडल्या, खटके सरकवले. रजई वर आली, पण चुण्या मध्ये फुगून राहिल्या. जिथे माझं अंग असायचं तिथे नुसती हवा.

"चाकू आहे का?" मी खालून विचारलं.

कोटाच्या आतल्या खिशातून बाबांनी एक छोटा चाकू काढून कडेवरून खाली सोडला. तो कोट मी एकवीस वर्षं घातला आणि त्या खिशात चाकू आहे हे मला माहीत नव्हतं! पण त्याचा हिशेब नंतर.

मी शिंपीकाकांची शिवण एकेक टाका करून उसवली. शिवण इतकी सुंदर होती की शिंपीकाकांची मनातल्या मनात माफी मागितली. रजई सपाट झाली. पुन्हा वर ओढली.

"ओढतोयस," बाबा वरून म्हणाले. "दाबतेय."

जरा सोडली.

"आता गेली. वारा येतोय."

"मग कुठे?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं.

"दोरीकडे बघू नकोस. हात घाल मध्ये," बाबा म्हणाले. "साखळीचं तेच असायचं. ओढलीस तर चुकीचं माप येतं, सोडलीस तरी चुकीचं. टेकू दे नुसती."

मी रजई आणि झोळी यांच्या मध्ये हात घातला. वरून त्यांची पाठ हाताला लागली. कापडातून मणका, एकेक मणी मोजता येत होता. मी खुर्च्या उचलून बघतो, वजन अंदाजानं सांगतो, सहसा चूक होत नाही. बाबा माझ्या तळव्यावर एखाद्या भरलेल्या पिशवीएवढेसुद्धा नव्हते. मी खटका दुसऱ्या हातानं एवढासा, अगदी एवढासा सरकवला आणि खालून रजई माझ्या हाताच्या मागच्या बाजूला येऊन टेकली. दाबली नाही. टेकली. मग मी हात काढून घेतला.

"हं," बाबा म्हणाले. 

ताई घड्याळ धरून उभी होती. मी तसाच खाली पडून राहिलो, कारण उठलो तर झोळीला धक्का लागेल. सूर्य सुळक्यांमागे गेला. पंचेचाळीसाव्या मिनिटाला ताईनं कोट वर करून बाबांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार की गरम हे कळायला तिला एक क्षण पुरतो, हजारो पाठी तिनं बघितल्यात. पण हात तिनं बराच वेळ काढला नाही. बाबा झोपले होते.

मग तिनं किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि माझ्याकडे बघून कुजबुजली, "तू तिथेच पडून राहणार आहेस का? सर्दी होईल."

सकाळी मला कुणीतरी हाक मारत होतं. मी गाडीच्या सीटवर दुमडून झोपलो होतो. बाहेर आलो तर ताई आधीच झोळीजवळ उभी होती, अंगावर शाल. बाबा झोळीतूनच समोर बघत होते. डोंगर निळसर होता आणि दोन सुळक्यांच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढा, एक दगडी चौथरा उन्हात पिवळा झाला होता. खालचा सगळा डोंगर अजून सावलीत.

"आहे," बाबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "डावीकडचा कोपरा ढासळलाय. पण आहे." मग माझ्याकडे न बघता, "लिही."

मी वही काढली. 'दगडी खूण: एक नग. जागेवर. प्रत्यक्ष पाहिली. डावा कोपरा नादुरुस्त.' खाली ओळ सोडायची पद्धत आहे, पण मी सोडली नाही. लगेच लिहिलं, 'बाबा: जागेवर. पाठ गरम. प्रत्यक्ष पाहिले.' आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वस्तू बघून मग बरोबरची खूण केली असं मला वाटलं.

ताईनं वही ओढून घेतली, साक्षीदार म्हणून खाली सही केली, आणि मी वेळ सात मिनिटं चुकीची लिहिली होती ती खोडून बरोबर केली.